विद्यार्थी वर्तमानपत्राची वेबसाइट: थीम ठरवण्यापासून किल्ल्या सोपवेपर्यंत

विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राची वेबसाइट करायची ठरली की पहिल्या बैठकीत हटकून एक प्रसंग घडतो. कुणीतरी लॅपटॉप उघडतं, एखाद्या मोठ्या दैनिकाचं संकेतस्थळ दाखवतं आणि म्हणतं, "आपल्याला असं पाहिजे." मग दोन महिने तसंच करण्यात जातात. साइट सुरू होते त्या दिवशी झकास दिसते. तिसऱ्या आठवड्यात परीक्षा येतात, बातम्या आटतात आणि मुख्य पानावर एकच फोटो महिनाभर ठाण मांडून बसतो.

मोठ्या दैनिकाकडे रोज पान भरून उरेल इतका मजकूर येतो आणि तो लावणारी माणसं वर्षानुवर्षं तीच असतात. आपलं निम्मं संपादक मंडळ दरवर्षी शिक्षण संपवून निघून जातं. त्यामुळे विद्यार्थी पत्राची साइट मी दोनच प्रश्नांवर तपासते: हाताशी तीनच बातम्या असलेल्या आठवड्यात ती कशी दिसेल, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांना ती चालवता येईल का. खालची प्रत्येक पायरी या दोन प्रश्नांना धरून आहे.

आणि विद्यार्थी म्हणून बिचकू नका. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठातलं 'द टेक' हे १८८१पासून निघणारं विद्यार्थ्यांचं पत्र १९९३ मध्येच वेबवर आलं होतं. तेव्हा बहुतेक बड्या दैनिकांना वेब म्हणजे काय हेही नीट ठाऊक नव्हतं.

१. मागचे अंक काढून बसा

कॉम्प्युटर बंद ठेवा. मागचे सहा अंक टेबलावर पसरा, वही घ्या आणि प्रत्येक मजकुरासमोर तो कशात मोडतो ते लिहा: बातमी, मुलाखत, अग्रलेख, खेळ, परीक्षण, कविता, व्यंगचित्र, वाचकांची पत्रं. पत्र अजून सुरूच व्हायचं असेल तर पुढच्या सहा अंकांत कोण काय लिहून देणार ते नावानिशी लिहा. "कुणीतरी विज्ञानावर लिहील" हे नाव नव्हे.

मग मोजा. सहांपैकी निदान चार अंकांत जे आलं, त्यालाच मेनूत जागा द्यायची. आमच्या पहिल्या आराखड्यात मेनूत अकरा विभाग होते. त्यातला 'व्हिडिओ' मी हट्टाने घातला होता. त्यात दोन वर्षांत एक व्हिडिओ आला, तोही आवाज नसलेला. वाचकाने विभागावर टिचकी मारली आणि "काहीही सापडलं नाही" असं पान उघडलं, की तो त्या विभागात पुन्हा फिरकत नाही. पाच-सहा विभाग पुष्कळ झाले.

बाकी सगळं टॅगमध्ये, म्हणजे बातमीला लावायच्या विषयाच्या चिठ्ठीत, जाऊ द्या, पण टॅगही मोकाट सोडू नका. 'वसतिगृह', 'हॉस्टेल' आणि 'होस्टेल' असे तीन टॅग झाले की एकाच विषयाच्या बातम्या तीन ठिकाणी विखुरतात.

२. पत्ता कुणाच्या नावावर आहे?

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, पत्राच्या नावाने घ्या आणि नोंदणीला दिलेला ईमेलही पत्राचा असू द्या, संपादकाचा नको. हे वाक्य दोनदा वाचा. आमचा पत्ता एका सीनियर दादाने निव्वळ मदत म्हणून स्वतःच्या ईमेलवर घेतला होता. दादा शिकून बाहेर पडला आणि तो ईमेल उघडायचं त्याने सोडलं. डॉट कॉम, डॉट ऑर्गसारख्या पत्त्यांची मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आधी आणि पुन्हा आठवडाभर आधी नोंदणी कंपनीला सूचना पाठवावीच लागते. तशा सूचना आल्याही होत्या. वाचायला कुणी नव्हतं. एका सोमवारी आमच्या साइटच्या जागी जाहिरातींचं पान उघडलं. पत्ता परत मिळाला, पण त्यासाठी तीन आठवडे आणि दादाची एक अख्खी रात्र गेली.

म्हणून पत्राचा सामायिक ईमेल करा, त्यावर दोघांचा प्रवेश ठेवा, दुहेरी पडताळणीचे बॅकअप कोड कागदावर छापून कपाटात ठेवा आणि जमेल तितक्या वर्षांचे पैसे एकदम भरून टाका. संस्थेच्या सर्व्हरवर फुकट जागा मिळत असेल तर मोह होतोच. घ्यायला हरकत नाही. फक्त एखादी अडचणीची बातमी लागली तर ती उतरवण्याचं बटण कुणाच्या हातात असेल, हे आधी विचारून ठेवा.

३. कशावर बांधायची

माझं मत सरळ आहे: वर्डप्रेस. तेही स्वतःच्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या सर्व्हरच्या जागेवर, चालवायचं. २००३ मध्ये ब्लॉग लिहिण्यासाठी निघालेल्या या प्रणालीवर आज जगातल्या दर पाच वेबसाइटींपैकी दोनाहून अधिक चालतात. त्यामुळे कुठेही अडलात तरी तुमच्या आधी तिथे अडलेला माणूस सापडतो.

खरं कारण मात्र वेगळं आहे. वर्डप्रेसमध्ये संपादकीय विभागाची उतरंड आधीच बांधलेली असते. 'काँट्रिब्युटर'ला लिहिता येतं, पण प्रसिद्ध करता येत नाही. 'ऑथर' स्वतःचा मजकूर प्रसिद्ध करू शकतो. 'एडिटर' सगळ्यांचा मजकूर तपासतो आणि लावतो. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'कडे सगळ्या किल्ल्या असतात. नव्या वार्ताहराला काँट्रिब्युटर करा. त्याला फोटो चढवता येत नाहीत, तेव्हा "फोटो जात नाहीये" अशी तक्रार पहिल्याच दिवशी येईल. ती बिघाड समजू नका. फोटो उपसंपादकानेच लावावेत हे उलट बरं.

ह्यूगो किंवा इलेव्हन्टीसारखी, पानं आधीच तयार करून ठेवणारी साधनं वेगवान साइट देतात आणि त्यांना सुरक्षेची कटकट कमी. पण कविता पाठवणाऱ्या प्रत्येकाला गिट, म्हणजे फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली, शिकवायची तयारी असेल तरच तिकडे वळा.

४. थीम: आधी कल्पना, मग फाइल

थीम हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक म्हणजे वर्डप्रेसमध्ये बसवायचं तयार पॅकेज. दुसरा म्हणजे साइटमागची कल्पना. लोक पॅकेजांच्या यादीत शिरतात आणि दोन दिवस बाहेर येत नाहीत. आधी कल्पना एका वाक्यात लिहा. आमचं वाक्य होतं, "हे पत्र म्हणजे सगळ्यांना दिसणारा फळा." त्यातून तीन निर्णय निघाले: गडद हिरवा हा एकमेव रंग, प्रत्येक विभागाच्या वर खडूने ओढल्यासारखी एक जाड रेघ, आणि कोपऱ्यात तारीख, फळ्यावर लिहितात तशी. इतकंच. खडूच्या अक्षरांचा फॉन्ट, लाकडी चौकट, डस्टरचं चित्र हे सगळं सुचलं होतं, आणि सगळं फेटाळलं.

कल्पना जितकी कमी दिसेल तितकी जास्त टिकते. पिवळट पडलेला कागद, टाइपरायटरची अक्षरं, फाटक्या कडा यांचा मोह प्रत्येक नव्या चमूला होतो. छापील वर्तमानपत्राचं सोंग घेतलेली साइट आठवडाभर गंमतीची वाटते. नंतर त्या पिवळ्या पार्श्वभूमीवर आत्महत्येची किंवा अपघाताची बातमी लावायची वेळ येते.

रंगाचं गणित एकदाच शिकून घ्या. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किती फरक असावा यासाठी सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत: साध्या मजकुराला निदान ४.५ : १, मोठ्या मथळ्यांना ३ : १. हे मोजणारी फुकट साधनं ब्राउझरमध्येच मिळतात. पांढऱ्यावर 'हॅश ७७७७७७' या राखाडी रंगाची अक्षरं ठेवलीत तर गुणोत्तर येतं सुमारे ४.४८, म्हणजे नापास. 'हॅश ७६७६७६' घेतलात तर ४.५४, पास. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यावरून एक कळतं: डिझायनरांचा लाडका फिकट राखाडी म्हणजे आधीच काठावरचा रंग आहे. बायलाइन, म्हणजे लिहिणाऱ्याच्या नावाची ओळ, आणि तारीख त्याहून फिकट करू नका.

आता पॅकेज. निवडताना एकच युक्ती वापरा: डेमोमधले सुंदर फोटो मनातल्या मनात पुसून टाका. मग जे उरतं, ती तुमची साइट. बऱ्याच 'न्यूज' थीममध्ये फोटो काढल्यावर नुसते करडे चौकोन उरतात. वर्डप्रेसबरोबर येणाऱ्या मूळ थीम, उदाहरणार्थ ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह, अगदी साध्या असतात, त्यांची निगा त्यांचाच चमू राखतो आणि पायाला त्या उत्तम. सरकती चित्रपट्टी, पळती बातमी, हवामान, घड्याळ असं सगळं देणारी थीम पाहिली की पान उलटा.

५. देवनागरीची खाती

इथे जरा थांबू या, कारण बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बनतात आणि मराठी मजकूर ओतला की त्या जागोजागी उसवतात.

सगळ्यात आधी लेटर-स्पेसिंग तपासा. इंग्रजी मथळे रुबाबदार दिसावेत म्हणून थीम अक्षरांमधलं अंतर वाढवते. देवनागरीत त्याच अंतराने शिरोरेषा तुटते आणि 'अग्रलेख' हा शब्द सुट्या तुकड्यांची माळ होतो. हे मूल्य सगळीकडे शून्य करा: मेनू, बटणं आणि विभागांची नावंसुद्धा.

दुसरी लाइन-हाइट, म्हणजे ओळींमधलं अंतर. रोमन मथळ्यांसाठी १.१ चालतं. मराठी मथळा दोन ओळींत गेला की वरच्या ओळीतला 'पू'चा उकार खालच्या ओळीतल्या 'कै'च्या मात्रांवर आदळतो. मथळ्याला १.३ ते १.४ आणि मजकुराला १.६५ ते १.७५ द्या. आम्ही हे तपासायला मुद्दाम एक मथळा बनवला होता: "पूर्वपरीक्षा पुढे ढकलू नका, कैफियत घेऊन वसतिगृहातल्या मुली मैदानावर". बातमी खोटी, पण वर-खाली जे जे धडकू शकतं ते सगळं त्यात आहे.

फॉन्ट निवडताना 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'ॲप', 'ज्ञान', 'शृंखला', 'बाळ' हे शब्द टाइप करून बघा. डोळ्यातल्या पापणीसारखा दिसणारा 'ऱ्य'मधला र आणि 'ॲ' या दोन जागी कच्चे फॉन्ट हमखास उघडे पडतात. एक टाइप या संस्थेचा 'मुक्ता' सात जाड्यांमध्ये मिळतो, मोफत आहे आणि लहान पडद्यावर स्वच्छ वाचता येतो. मजकुराला तो बिनधास्त वापरा. मथळ्यांना पुस्तकी वळण हवं असेल तर 'टिरो देवनागरी मराठी' देखणा आहे. मात्र त्यात ठळक जाडी नाहीच. वर्डप्रेस मथळा ठळक मागतं, फॉन्टकडे ठळक अक्षर नसतं, मग ब्राउझर मूळ अक्षरच फुगवतो आणि शाई पसरल्यासारखं दिसतं. हा फॉन्ट घेतलात तर मथळ्याची जाडी 'रेग्युलर'वर आणा. आकाराने मोठा केलात की तो पुरेसा उठून दिसतो.

साइटची भाषा सेटिंगमध्ये 'मराठी' करायला विसरू नका. ज्या फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श'ची मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणं भरलेली असतात, तो फॉन्ट पानाची भाषा पाहून वळण निवडतो. स्क्रीनवर मजकूर वाचून दाखवणारी साधनंही भाषा तिथूनच ओळखतात.

तिरपी अक्षरं टाळा. लेखाचं पहिलं अक्षर मोठं करण्याची हौसही टाळा. 'स्त्री' या शब्दात नेमकं किती मोठं करायचं यावर ब्राउझरांचं एकमत होत नाही.

छापील अंक जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लागत असेल तर तिथून मजकूर चिकटवल्यावर वेबवर नुसता कचरा दिसेल. परिवर्तक वापरून तो युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि नंतर मुद्रितशोधन पुन्हा करावं लागतं. रफार आणि पहिली वेलांटी या दोघांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. खरा उपाय म्हणजे मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्येच टाइप करून घेणं.

६. बातमीचं पान आधी, मुख्य पान नंतर

सगळे मुख्य पानापासून सुरुवात करतात. माझा आग्रह उलटा आहे. वाचक येतो तो मित्राने ग्रुपवर टाकलेल्या लिंकवरून आणि थेट बातमीवर उतरतो. मुख्य पान त्याने कदाचित कधीच पाहिलेलं नसेल.

म्हणून बातमीच्या पानावर हे पत्र कुणाचं, हे पहिल्या नजरेत कळलं पाहिजे. वर पत्राचं नाव, त्यावर टिचकी मारली की मुख्य पान. खाली विभागाचं नाव, मथळा, एका वाक्याचा उपमथळा, बायलाइन आणि तारीख. तारीख पूर्ण लिहा. "३ दिवसांपूर्वी" असं थीम आपोआप लिहीत असेल तर बंद करा, कारण दोन वर्षांनी कुणी त्या बातमीचा संदर्भ द्यायला आलं तर त्याला दिवस, महिना, वर्ष हवं असतं. बायलाइनवरून वार्ताहराच्या सगळ्या लेखांचं पान उघडू द्या. विद्यार्थ्यांसाठी ते पान म्हणजे पुढे अर्जासोबत जोडायचा कामाचा दाखला असतो. चांगलं लिहिणारे त्यासाठीही टिकून राहतात.

मजकुराचा स्तंभ अरुंद ठेवा, ओळीत साधारण दहा-बारा शब्द. बाजूच्या पट्टीत काहीही ठेवू नका. फोनवर ती पट्टी तशीही खाली ढकलली जाते आणि तिथे कुणी पोचत नाही.

चुकीची दुरुस्ती कुठे छापायची हेही आत्ताच ठरवा. बातमी गुपचूप बदलायची नाही. मजकुराच्या शेवटी 'दुरुस्ती' या नावाने तारखेसह एक ओळ. त्यासाठी टेम्प्लेटमध्ये वेगळ्या रंगाची एक चौकट आधीच करून ठेवली, तर चूक कबूल करताना हात कचरत नाही.

आणि आता पत्त्यातली मराठी. बातमी साठवली की वर्डप्रेस मथळ्यावरून तिचा पत्ता बनवतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, पत्त्यात टक्क्याच्या खुणांसह नऊ अक्षरं खातं. मर्यादा आहे २०० अक्षरांची. म्हणजे बावीस चिन्हं झाली की पत्ता मध्येच कापला जातो. "ग्रंथालयाची वेळ रात्री दहापर्यंत वाढवण्याची मागणी" हा मथळा पत्त्यात "दहापर्यंत"पर्यंतही धड पोचत नाही. लिंक ग्रुपवर टाकली की टक्क्यांची लांबलचक आगगाडी दिसते, ती वेगळीच. म्हणून प्रसिद्ध करण्याआधी पत्ता रोमन अक्षरांत, तीन-चार शब्दांत हाताने लिहायचा नियम करा. पत्त्याच्या रचनेत विभागाचं नाव घालू नका. पुढच्या वर्षी कुणीतरी 'कॅम्पस'चं 'परिसर' करणारच, आणि जुन्या लिंक तुटतील.

७. मुख्य पान: तीन बातम्यांचा आठवडा

"ताई, या आठवड्यात फोटोच नाहीये. मुख्य बातमीला काय लावू?"

हा प्रश्न मला इतक्या वेळा आला की शेवटी मुख्य पानाच्या दोन मांडण्या केल्या. एक फोटोसह. दुसरी नुसत्या अक्षरांची: मोठा मथळा, दोन ओळींचा उपमथळा, वर तीच जाड हिरवी रेघ. गंमत म्हणजे दुसरी मांडणी जास्त गंभीर आणि जास्त वर्तमानपत्रासारखी दिसायला लागली, आणि फोटो असूनही उपसंपादक ती निवडू लागले. फोटो नसला की भरीला भर म्हणून इंटरनेटवरून हस्तांदोलनाचं चित्र उचलण्याची सवय त्यामुळे आपोआप सुटली. तसं चित्र उचलणं म्हणजे स्वामित्वहक्काचा भंग, हे वेगळं सांगायला नको.

बाकी पान असं लावा: वर एक मुख्य बातमी, खाली तीन ताज्या, मग अग्रलेख आणि सदरं. प्रत्येक विभागाची स्वतंत्र पट्टी करू नका. 'खेळ'च्या पट्टीत तीन महिन्यांपूर्वीचा सामना दिसला की अख्खं पत्र शिळं वाटतं. एकच ताज्या मजकुराची यादी, प्रत्येकावर विभागाचं छोटं नाव, एवढ्याने भागतं. मधे एक जागा 'पुन्हा वाचा'साठी राखून ठेवा. परीक्षेच्या दिवसांत तिथे जुनी चांगली मुलाखत वर आणायची.

८. फोटो

फोनवरचा फोटो कित्येक एमबीचा असतो. वर्डप्रेस ५.३ पासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो आपोआप लहान केला जातो, पण त्यावर विसंबू नका. रुंदी १६०० पिक्सेलवर आणा, वेबपी स्वरूपात साठवा आणि मग चढवा. फोनच्या फोटोत तो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांशही लपलेले असू शकतात. एखाद्या विद्यार्थिनीच्या घरी जाऊन मुलाखत घेतली असेल तर ती माहिती आधी पुसलीच पाहिजे.

प्रत्येक फोटोला तीन गोष्टी: छायाचित्र ओळ, छायाचित्रकाराचं नाव आणि पर्यायी मजकूर. पर्यायी मजकूर म्हणजे ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्या वाचकाला चित्र सांगणं. "फोटो १" असं लिहिणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं. "ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून अभ्यास करणारे विद्यार्थी" असं लिहा.

लिंक शेअर केल्यावर दिसणाऱ्या चित्राचा आकार १२०० गुणिले ६३० पिक्सेल धरा. फोटो नसलेल्या बातमीसाठी पत्राचं नाव असलेलं एक ठरीव चित्र करून ठेवा.

९. बदल कुठे करायचे, आणि विशेषांक

थीमच्या मूळ फाइलींना हात लावायचा नाही. थीमचं अपडेट आलं की तुमचे बदल पुसले जातात. त्यासाठी चाइल्ड थीम असते: थीमच्या फोल्डरशेजारी आपलं फोल्डर, त्यात एक 'स्टाइल डॉट सीएसएस' फाइल, तिच्या माथ्यावर आपल्या थीमचं नाव आणि 'टेम्प्लेट' या ओळीत मूळ थीमच्या फोल्डरचं नाव. अपडेट मूळ थीमला होतं, आपले बदल आपल्या फोल्डरमध्ये सुखरूप राहतात. हाताने करायचं नसेल तर 'क्रिएट ब्लॉक थीम' हे वर्डप्रेसचंच प्लगइन, म्हणजे वरून जोडायची सोय, चाइल्ड थीम बनवून देतं.

नव्या ब्लॉक थीममध्ये, म्हणजे सुट्या ठोकळ्यांतून पान रचणाऱ्या थीममध्ये, रंग, फॉन्ट आणि अंतरं 'थीम डॉट जेसन' या एकाच फाइलमध्ये असतात. तिथे हिरवा रंग एकदा लिहिला की सगळीकडे तोच लागतो. शिवाय लेखकाला रंग निवडायला मिळतात ते तुम्ही दिलेले तीनच. स्वतःचा रंग घोळण्याची सोय बंद करता येते, ती जरूर बंद करा. नाहीतर कवितेच्या पानावर जांभळ्या अक्षरांचा पाऊस पडतो.

याच रचनेतून विशेषांकाची सोय होते. थीममधल्या 'स्टाइल्स' फोल्डरमध्ये वेगळ्या रंगांची आणखी एक जेसन फाइल ठेवली की तो साइटचा दुसरा पोशाख झाला. निवडणूक विशेषांकाच्या आठवड्यात तो निवडायचा, संपला की मूळ पोशाख परत. रंग बदला, हवं तर मथळ्याचा फॉन्ट बदला. मांडणी मात्र तीच ठेवा. दर विशेषांकाला नवी मांडणी करणारा चमू मी पाहिलाय. त्यांच्या साइटवर जुनी पानं आज अर्धवट मोडलेल्या तंबूंसारखी उभी आहेत.

प्लगइन मोजकीच: बॅकअप, स्पॅम अडवणारं, शोधयंत्रांसाठी एखादं. प्रत्येक नव्या प्लगइनमागे "हे पुढच्या वर्षी अपडेट कोण करणार?" असं विचारा.

१०. तपासणी

आपल्या लॅपटॉपवर साइट छान दिसतेच. चमूतला सगळ्यात जुना फोन मागून घ्या, वायफाय बंद करा, उन्हात उभे राहा आणि एका हाताने बातमी उघडा. आकडेच हवे असतील तर गूगलने वेबसाइटसाठी घालून दिलेल्या मर्यादा अशा: पानातला मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा, आणि वाचता वाचता मजकूर खाली उडी मारण्याचं माप ०.१ च्या आत असावं. उडी बहुतेकदा उशिरा येणाऱ्या फोटोमुळे बसते. फोटोची लांबी-रुंदी कोडमध्ये लिहिलेली असली की ब्राउझर जागा धरून ठेवतो.

मग माऊस बाजूला ठेवा आणि नुसत्या टॅबच्या कळीने मेनूपासून बातमीपर्यंत जाऊन बघा. आपण कुठे आहोत ते दिसत नसेल तर थीमने फोकसची चौकट, म्हणजे निवडलेल्या लिंकभोवतीची रेघ, झाकली आहे. ती परत आणा.

शेवटी एक मुद्दाम घोटाळा करा: बॅकअपवरून साइट दुसऱ्या जागी उभी करून पाहा. कधीच उलगडून न पाहिलेला बॅकअप आहे की नाही, हे नेमकं नको त्या दिवशी कळतं.

११. किल्ल्या सोपवताना

पदवी परीक्षेच्या दोन महिने आधी हे काम काढा, निरोपसमारंभाच्या संध्याकाळी नको. एका कागदाच्या दोन बाजू पुरतात: डोमेन आणि होस्टिंग कुठे आहे, मुदत कधी संपते, पासवर्ड कुठे ठेवलेत, बॅकअप कधी होतो, बातमी चढवण्याच्या पायऱ्या, पत्ता रोमनमध्ये लिहायचा नियम, रंगांचे क्रमांक. जाणाऱ्यांची खाती पुसू नका, नाहीतर त्यांच्या बायलाइनी हलतील; फक्त त्यांचे अधिकार कमी करा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मात्र कायम दोन असू द्यात.

मग ज्या मुलीकडे काम जाणार तिला खुर्चीवर बसवा, कागद तिच्या हातात द्या आणि एक बातमी पहिल्यापासून शेवटपर्यंत लावायला सांगा. तुम्ही शेजारी बसा. माऊसला हात लावायचा नाही, "थांब, मी दाखवते" म्हणायचं नाही. आमच्या पुढची संपादक छायाचित्र ओळ कुठे लिहायची तिथे अडली, चार मिनिटं शोधत बसली आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, हे कागदावर नाहीये." खरंच नव्हतं. तिनेच पेन घेतलं आणि सहाव्या पायरीखाली ते लिहिलं.